कुंपणाचे खांब मशीनने ठोकायचे आहेत? आधी खांब, मग जमीन, मशीन सगळ्यात शेवटी

शेताला कुंपण घालायचं ठरलं की बहुतेक जण पहिल्यांदा मोबाइलवर मशीन शोधतात. ५२ सीसी, ६३ सीसी, मिनिटात खड्डा, असे व्हिडिओ बघून ऑर्डर जाते. मशीन बांधावर येतं तेव्हा कळतं, की ते ठोकायचं आहे आणि आपले पोल सिमेंटचे आहेत. नाहीतर खांब बरोबर आहेत, पण १६ किलोचं धूड ८ फुटांवर चढवायचं कसं, याचा विचारच झालेला नाही. पाठ वाचावी म्हणून मशीन घेतलं आणि पहिल्याच दिवशी पाठ धरली, असं होतं ते यामुळे. खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच घ्या. तिसऱ्या पायरीच्या आधी एकाही दुकानात भाव विचारू नका.

पायरी १ : खांब कोणते आणि किती

खांब जमिनीत जायचे दोन मार्ग. एक ठोकून, दुसरा खड्डा घेऊन रोवून. लोखंडी अँगल, जाड पाइप आणि टी आकाराचा लोखंडी खांब ठोकता येतो. सिमेंटचा पोल आणि दगडी खांब ठोकता येत नाही. डोक्यावर मार बसला की तडा जातो, आणि तो पहिल्या दिवशी दिसतोच असं नाही. लाकडी बल्लीला टोक काढून ती मऊ जमिनीत ठोकता येते, पण माथा फाटतो.

ठोकायचा अँगल ४० × ४० × ५ मिमीपेक्षा हलका घेऊ नये असं माझं मत आहे. ३ मिमीचा स्वस्त अँगल मुरमाला लागला की पिळला जातो, आणि दोष मशीनला दिला जातो. ४० × ४० × ५ चा ८ फुटी अँगल साधारण सव्वासात किलोचा होतो. एकटा माणूस तो दिवसभर हाताळू शकतो. याउलट ४ × ४ इंची, ७ फुटी सिमेंटचा पोल जवळपास ५० किलोचा. मशीन कितीही चांगलं घेतलं तरी पोल उचलून खड्ड्यात उभा करायला तुमचीच कंबर लागणार. पाठीचं दुखणं आधीपासून असेल तर मशीनपेक्षा खांब बदलण्याने जास्त फरक पडतो.

आता संख्या. चौरस एकराची एक बाजू २०९ फूट धरली तर घेर ८३६ फुटांच्या आसपास. १० फुटांवर खांब म्हणजे ८४. हेक्टरचा चौकोन असेल तर घेर ४०० मीटर, म्हणजे साधारण १३१ खांब. लांबट पट्टीच्या शेताला याहून जास्त लागतात, म्हणून टेप घेऊन प्रत्यक्ष मोजा.

कोपऱ्याचे, फाटकाचे आणि मधले टेकूवाले खांब या संख्येतून वेगळे काढा. त्यांच्यावर तारेचा सगळा ताण येतो. ते खड्डा घेऊन काँक्रीटमध्येच बसवायचे, कितीही भारी मशीन असलं तरी.

तपासा: हद्दीबद्दल शेजाऱ्याशी थोडीही कुरबुर असेल तर भूमी अभिलेखची मोजणी होऊन खुणा पक्क्या झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. ठोकलेला खांब उपटणं हे ठोकण्यापेक्षा जास्त कंबरतोड काम आहे.

पायरी २ : पहारीने जमीन विचारा

कुंपणाच्या रेषेवर दर ५०-६० फुटांवर एकदा पहार मारून बघा. २ फूट खोल जायला हवी. वर काळी आणि दीड फुटावर मुरूम, असं आपल्याकडे फार ठिकाणी असतं. वरवर बघून ते कळत नाही.

निकाल असा वाचा. पहार हाताच्या जोराने २ फूट गेली, तर ठोकायचं मशीन आरामात चालेल. दीड फुटावर खरखर करत थांबली पण थोडी थोडी सरकते, म्हणजे मुरूम. तिथे आधी बारीक भोक पाडून मग ठोकावं लागेल. टणकन वाजली आणि उडाली, तर खाली कातळ किंवा गोटा. अर्धा फूट सरकून पुन्हा मारा. तिथेही तेच झालं तर ठोकायचा नाद सोडा. कोकणात जांभ्यावर किंवा पठारावरच्या उघड्या कातळावर ट्रॅक्टर-कॉम्प्रेसरवाल्याकडून ड्रिलने भोकं पाडून घेणं आणि त्यात अँगल काँक्रीटने पक्का करणं हाच सरळ मार्ग. तिथे हातात धरायचं कुठलंही मशीन शरीराची वाटच लावतं.

काळ्या जमिनीत वेळ सांभाळा. एप्रिल-मेमध्ये ती दगडासारखी कडक होते आणि भेगाळते. भेगेत ठोकलेला खांब पावसाळ्यात हलतो. भर पावसात पाय रुततात, ट्रॉली फसते. पावसाळा संपल्यावर जमीन वाफशावर आली की ठोकायला घ्या. तेवढ्या एका गोष्टीने प्रत्येक खांबामागचा वेळ निम्म्यावर येऊ शकतो, आणि जितका वेळ कमी तितकी हाताला बसणारी थरथर कमी.

सावधान: ठोकणारा माणूस आंधळा असतो, जमिनीखाली काय आहे ते त्याला दिसत नाही. ठिबकची मेन लाइन, विहिरीपासूनची पीव्हीसी, मोटरची केबल कुठून गेली आहे ते आधी चुन्याने आखा. जुनी लाइन कुणी गाडली ते वडीलधाऱ्यांना विचारा. वरून वीजतारा जात असतील तर त्यांच्याखाली ८ फुटी लोखंड उभं करायचं नाही.

पायरी ३ : मशीनचा प्रकार

आता मशीनकडे. आपल्याकडच्या अवजारांच्या दुकानात ऑगर, म्हणजे फिरत्या पात्याने खड्डा घेणारं मशीन, सहज मिळतो. ठोकायचं मशीन बहुधा मागवावं लागतं. म्हणून दुकानदार ऑगरच गळ्यात मारतो, तुमचे खांब कुठलेही असोत.

पेट्रोलचं ठोकायचं मशीन: लोखंडी खांब भरपूर असतील आणि जमीन बरी असेल तर हेच. खांबाच्या माथ्यावर टोपीसारखं बसतं, इंजिन आतला हातोडा चालवतं. साधारण १४ ते १८ किलो. चार-स्ट्रोक छोट्या इंजिनवरचं (३५ सीसीच्या आसपासचं) घ्यावं. दोन-स्ट्रोक स्वस्त पडतं, पण धूर थेट तोंडावर येतो.

इलेक्ट्रिक ब्रेकर आणि सॉकेट: फरशी फोडायचा १६-१८ किलोचा ब्रेकर भाड्याने सगळीकडे मिळतो. छिन्नीच्या जागी खांबावर बसणारी वाटी लावली की तो खांब ठोकतो. १७०० वॉटच्या ब्रेकरला ३ केव्हीएचा जनरेटर धरा. वाटी मात्र तयार, त्याच शँकची (ब्रेकरच्या तोंडात बसणाऱ्या दांड्याची) घ्या. जुन्या छिन्नीला गावात वेल्डिंग करून लावलेली वाटी सांध्याशी तुटते, कारण छिन्नीचं पोलाद कडक केलेलं असतं. मोटरच्या पेटीतून एक फेज उचलून ओल्या बांधावर ब्रेकर चालवणं हा प्रकार करूच नका. ब्रेकर चालवायचा तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लगेच तोडणारा स्विच) मध्ये हवाच.

हवेवर चालणारं: कॉम्प्रेसर आधीच घरचा किंवा ओळखीचा असेल तरच बघा. हातातलं वजन कमी असतं, पण पाइप ओढत फिरावं लागतं.

हातातला ऑगर: सिमेंटच्या पोलसाठी. ४ इंची पोलला ८ इंची पातं. यात कंबर जाते ती मातीने भरलेलं पातं वर ओढताना, आणि मनगट जातं ते पातं मुळाला किंवा दगडाला अडकून मशीन उलटं फिरतं तेव्हा. म्हणून दोन माणसांचा किंवा चाकांच्या गाड्यावर बसवलेला घ्या. एका माणसाचा ६३ सीसीचा ऑगर दिसायला सोयीचा, पण अडकल्यावर त्याचा सगळा पीळ एकाच माणसाच्या अंगावर येतो.

ट्रॅक्टरचा पोस्ट होल डिगर: पोल शंभराच्या वर आणि ट्रॅक्टर फिरायला जागा असेल तर बाकी कशाचाही विचार करू नका. पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर) चालतो, शरीरावर भार जवळजवळ नाही, गावात भाड्याने मिळू शकतो. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून अवजाराचं अनुदान घ्यायचं असेल तर पूर्वसंमतीचं पत्र हातात येण्याआधी बिल फाडू नका, नाहीतर अनुदान बुडतं.

पायरी ४ : अंगावर किती येणार याचा हिशेब

हा भाग लोक सोडून देतात. जाहिरातीत सीसी आणि मिनिटाला किती ठोके हे मोठ्या अक्षरात असतं. शरीराला त्याच्याशी देणंघेणं नाही. शरीराला तीन गोष्टी कळतात: वजन किती उंचीवर, थरथर किती वेळ, आवाज किती.

*उंची.* अमेरिकेतल्या नायोश या संस्थेचं ओझं उचलण्याचं एक सूत्र आहे. त्यात सगळं आदर्श असलं, ओझं अंगाजवळ, कमरेच्या आसपास, क्वचितच उचलायचं, तरी कमाल २३ किलो. उंची वाढेल तशी ही मर्यादा घटते आणि १७५ सेंटिमीटरच्या वर ती थेट शून्य होते. ८ फुटी अँगल उभा केला की त्याचा माथा २४४ सेंटिमीटरवर. म्हणजे १६ किलोचं मशीन जमिनीवर उभं राहून त्यावर चढवणं हे कुठल्याच हिशेबात बसत नाही, गडी कितीही दांडगा असो.

उपाय दोन, आणि दोन्ही एकत्र करायचे. पहिला, पहारीने किंवा २ इंची पात्याने फूटभर भोक पाडून अँगल त्यात उभा करायचा. माथा ७ फुटांवर आला. दुसरा, ट्रॅक्टरची ट्रॉली रेषेला लावून तिच्यात उभं राहायचं. ट्रॉलीचा पाटा ३ फुटांच्या आसपास असतो, म्हणजे माथा तुमच्या पायापासून ४ फुटांवर, छातीच्या खाली. अँगल पूर्ण २ फूट ठोकून होईपर्यंत तो ३ फुटांवर, कमरेजवळ येतो. सगळं काम छाती ते कमर यांच्यामध्येच होतं. मशीन ट्रॉलीतच राहतं, दर खांबाला जमिनीवरून उचलायचं नाही.

ट्रॉली जात नसेल तिथे बांधकामावरची रुंद पायांची लोखंडी घोडी घ्या. शिडी नाही. आडव्या खांबावर मशीन चढवून दोघांनी खांब उभा करायचा, हाही प्रकार मला पटत नाही. डोकं जड झालेला खांब कुठेही झुकतो.

*थरथर.* मशीनच्या माहितीपत्रकात कंपनाचा आकडा असतो, मीटर प्रति सेकंद वर्ग या एककात. तो दिलेला नसेल तर विक्रेत्याकडे मागा. युरोपात २००२ च्या निर्देशाप्रमाणे ८ तासांच्या सरासरीला २.५ च्या पुढे मालकाने उपाय करायचे, आणि ५ च्या पुढे माणसाला काम द्यायचंच नाही. कंपन दुप्पट झालं की परवानगीचा वेळ चौथाई होतो. त्यामुळे आकडे असे निघतात:

- कंपन ५ : उपायांची रेषा २ तासांनी, कमाल ८ तास
- कंपन १० : अर्ध्या तासाने, कमाल २ तास
- कंपन २० : साडेसात मिनिटांनी, कमाल अर्धा तास

हा वेळ फक्त ट्रिगर दाबलेला असतानाचा. एका खांबाला ४० सेकंद लागत असतील, तर १० च्या मशीनने एका माणसाने दिवसाला ४५ खांबांवर थांबावं. २० च्या मशीनने ११ वरच. एकराचे खांब दोघांनी आलटून पालटून ठोकले तर १० चं मशीन एका दिवसात काम उरकतं. छापलेला आकडा हा कमीत कमी समजा. प्रत्यक्ष बांधावर, कडक जमिनीत तो वाढतो.

बोटांना मुंग्या, बधिरपणा, थंडीत बोटं पांढरी पडणं ही कंपनाच्या दुखण्याची लक्षणं. आपल्याकडे उन्हामुळे ती लपतात आणि पौष महिन्यात पहाटे गव्हाला पाणी द्यायला गेल्यावर अचानक दिसतात. जाड हातमोज्यांनी हात सोलत नाहीत हे खरं, पण ठोक्याची संथ, जड थरथर ते फारशी अडवत नाहीत. त्यांच्या भरवशावर वेळ वाढवू नका.

*आवाज.* लोखंडावर लोखंड. कानावर मफ लावूनच. कापसाचा बोळा चालत नाही.

पायरी ५ : पैसे देण्याआधी

आपल्या खांबाचा फूटभर तुकडा कापून दुकानात न्या. मशीनच्या तोंडात तो घालून हलवून बघा. फार खुळखुळत असेल तर त्या मापाची आतली नळी मागा. खांब खेळता राहिला की ठोका तिरका बसतो, अँगलचा माथा दुमडून बाहेर पसरतो, आणि नंतर ती टोपी निघता निघत नाही. माथ्याच्या कडेला बारीक चकाकणारे पापुद्रे सुटायला लागले की डोळ्यात जायला तेवढंच पुरतं. चष्मा लागतो तो यासाठी.

मशीन चालू करून घ्या. इंजिन आयडलवर असताना ठोका पूर्ण थांबला पाहिजे. थांबत नसेल तर क्लचमध्ये खोट आहे, ते मशीन नको. मुठी रबरावर किंवा स्प्रिंगवर बसवलेल्या आहेत का, हाताने दाबून बघा. धूर कुठल्या बाजूला निघतो ते बघा. तुम्ही उभे राहणार त्या बाजूला नको. स्टार्टरची दोरी, रबरी बफर आणि कार्बोरेटर गावाजवळ कोण देतं, ते विचारा. उत्तर गोलमोल आलं तर भाड्याचा विचार करा.

विकत की भाड्याने, याला मोठं गणित नाही. एकदाच एकर-दोन एकराचं कुंपण असेल तर भाडं. चार भावांची शेतं मिळून घ्यायचं असेल तर विकत.

पायरी ६ : ठोकण्याचा क्रम

१. कोपऱ्याचे खांब काँक्रीटमध्ये बसवून, पाणी मारून, आठवडाभर मुरू द्या. त्यांच्यामध्ये दोरी ताणा.

२. दोरीवर खांबाच्या जागा चुन्याने मारा. प्रत्येक जागी फूटभर भोक आधी पाडून ठेवा. सगळी भोकं एकदम, मग सगळे खांब.

३. अँगलवर २ फुटांची खूण रंगाने करा, म्हणजे किती आत गेला ते वाकून मोजावं लागत नाही.

४. ट्रॉली लावा, हँडब्रेक ओढा, चाकांखाली दगड द्या. ट्रॅक्टर बंद.

५. मशीन ट्रॉलीत खाली ठेवून चालू करा. खांबावर बसवून नाही.

६. पहिले ६ इंच हलक्या थ्रॉटलवर. थांबा. दोन बाजूंनी ओळंबा लावा. वाकडा असेल तर आत्ताच सरळ होतो, फूटभर खोल गेल्यावर होत नाही.

७. मग पूर्ण थ्रॉटल. मशीनवर जोर द्यायचा नाही. त्याचं वजनच ठोकतं, तुम्ही फक्त सरळ धरायचं. वरून दाबलं की ठोका वाढत नाही, थरथर मात्र खांद्यापर्यंत येते.

८. अर्ध्या मिनिटात खांब सरकलाच नाही तर थांबा. खाली गोटा आहे. उपटून ६ इंच बाजूला घ्या किंवा तिथे खड्डा घ्या.

सावधान: खालचा माणूस खांब हाताने धरून उभा नको. पहिल्या ६ इंचांपुरता लांब चिमटा किंवा लाकडी खाच वापरा. त्यानंतर खांब स्वतः उभा राहतो.

ऑगर वापरणाऱ्यांसाठी: दर ६ इंचांनी पातं वर काढून माती झाडा. एका दमात २ फूट गेलात तर ओल्या काळ्या मातीत पातं बाहेर निघत नाही. अडकलं तर इंजिन बंद करून पान्याने उलट फिरवा. गळ्यात उपरणं, लोंबता पदर, सुटी बाही असेल तर फिरत्या पात्याजवळ जायचंच नाही. पायात बूट, चप्पल नाही.

पायरी ७ : इंधन आणि ठेवण

चार-स्ट्रोकला साधं पेट्रोल, ऑइल वेगळ्या टाकीत. दोन-स्ट्रोकला पेट्रोलमध्ये टूटी ऑइल: २५ ला १ म्हणजे लिटरला ४० मिली, ५० ला १ म्हणजे २० मिली. मशीनच्या पुस्तकात असेल तेच. घरात दोन्ही प्रकार असतील तर कॅनला वेगवेगळा रंग द्या. दोन-स्ट्रोकमध्ये कोरं पेट्रोल गेलं की पिस्टन धरतो, आणि ती दुरुस्ती मशीनच्या किमतीच्या जवळ जाते. इंजिन गरम असताना पेट्रोल ओतायचं नाही.

काम संपलं की टाकी रिकामी करा आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवा. आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ओल धरतं आणि दोन महिने पडून राहिलं की पुढच्या वेळी दोरी ओढून ओढून खांदा जातो.

संध्याकाळी ठोकणाऱ्याचे हात बघा. तासाभराने मुंग्या गेल्या तर ठीक, दुसऱ्या दिवशी खांब कमी करा. सकाळपर्यंत बोटं बधिर राहिली, किंवा शर्टाचं बटण लावता येईना, तर त्याला त्या कामावर ठेवू नका आणि डॉक्टरला दाखवताना मशीन किती वेळ चालवलं ते सांगा.